कानामागची टिकली

‘मान सैल सोडा. म्या धरलीया.’

वैजयंता वडिलांचा चेहरा आठवायला जायची आणि आधी हा आवाज यायचा. जरासा घोगरा, तंबाखूनं जाड झालेला. तेरणापूरच्या जुन्या बसस्थानकासमोर तिच्या आप्पांचं, तुळशीराम काशीद यांचं, दोन खुर्च्यांचं दुकान होतं. गळ्याशी पातं येणार म्हटल्यावर कुणाचीही मान ताठच होते. मग आप्पा डाव्या हाताचा पंजा गिऱ्हाइकाच्या डोक्यामागं लावायचे आणि तेवढंच बोलायचे. फौजदार असो की हमाल, मान अलगद त्यांच्या तळव्यावर यायची. सात वर्षांची वैजू बाकावर पाय हलवत बसलेली असायची. तिला वाटायचं, गावातली सगळी डोकी आप्पांच्या हातावर झोपायलाच येतात.

ब्लेडचे वस्तरे तेव्हा आलेच होते, पण दोन-चार जुन्या गिऱ्हाइकांसाठी आप्पा अजून चामड्याच्या पट्ट्यावर पातं लावायचे. पातं लावताना गुणगुणायचे. चाल जात्यावरच्या ओवीची, शब्द स्वतःचे:

वस्तऱ्या माझ्या राजा, गालावरी हळू चाल
कुण्या गं माउलीनं, कुरवाळला हा गाल

मग त्या तळव्याला कंप सुटला. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळीसुद्धा घोट घेतल्याशिवाय हात ठरेना. वैजू चौदा वर्षांची असताना एका गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली गेली. फार नाही, टाके पडले तीन. आप्पांनी त्याची माफी मागितली, वस्तरा पुसून धोकटीत ठेवला, धोकटी खुर्चीवर ठेवली आणि दुकानातून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. नववीची शाळा सोडून वैजूनं ती धोकटी उचलली. लोक हसले, मग त्यांना सवय झाली, मग रांगेत बसले. पुढं तिचं लग्न ठरायच्या वेळी आईनं पाहुण्यांना सांगितलं की, मुलीचे वडील वारले. पिऊन निघून गेले म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. फोटो भिंतीवर चढला, त्याला हार पडला. आई गेली तरी हार राहिला. सोळा वर्षं वैजयंतानं तो दर दिवाळीला बदलला. नवरा सुदाम, शहर बसचा चालक, मोठा भला माणूस. तोही रोज बाहेर पडताना त्या फोटोला हात जोडायचा. त्याचे जोडलेले हात बघितले की वैजयंता नजर दुसरीकडं वळवायची.

*

टिकली आली ती आप्पा निघून गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

सरकारी कागदांवर तिचं नाव लांबलचक होतं, पण नखाएवढी, गोल, कातडीच्या रंगाची वस्तू म्हटल्यावर लोकांनी टिकलीच म्हटलं. ती लावायची कानामागं. मेंदूतून निघून थेट पोटापर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची बारीक फांदी कानापाशी अगदी कातडीजवळ येते. काळजाचे ठोके आणि श्वास शांत करायचं काम याच मज्जातंतूकडं. टिकली दोन कामं करायची. घामातले बदल, कातडीची ऊब आणि ठोक्यांमधलं अंतर मोजून तलफ कधी चढायला लागली ते ओळखायची, आणि मग त्या फांदीला अगदी हलके विजेचे टिचके द्यायची. दारू असो, गर्द असो, गोळ्या असोत, तलफ लाटेसारखी येते. चढते, माथ्यावर पोचते, वीसेक मिनिटांत उतरते. माणूस बुडतो तो माथ्यावर, कारण तिथं त्याला वाटतं, ही आता उतरायचीच नाही. टिकली लाट थांबवत नव्हती. माणूस तरंगत राहील एवढा आधार द्यायची, बाकीचं पोहणं त्याचं त्यालाच.

त्यात एक मोहरीएवढा दिवा होता. एरवी हिरवा, लाट चढली की नारिंगी. बनवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. नारिंगी दिसला की जवळच्या माणसानं शेजारी बसावं, हात धरावा. हेतू कागदावर राहिला. लोक दिवा बघून हात धरण्याऐवजी पर्स धरायला लागले. खोली भाड्यानं द्यायची तर घरमालक म्हणायचे, जरा कान दाखवा. खानावळीच्या दारात, लग्नाच्या बोलणीत, कान दाखवा. ज्यांना घर होतं त्यांनी केस वाढवले, टोप्या घातल्या, दिवा चढला की आतल्या खोलीत गेले. ज्यांना घर नव्हतं त्यांची लाट भर चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चढायची आणि उतरायची.

पण एक गोष्ट टिकली बनवणाऱ्यांच्याही ध्यानात आली नव्हती. ती नीट चिकटायची तर रुपयाएवढी जागा तुळतुळीत करावी लागते, आणि स्वतःच्या कानामागं वस्तरा कोण फिरवणार? दर चार आठवड्यांनी टिकली बदलायची, म्हणजे दर चार आठवड्यांनी न्हाव्याकडं जायचं. आरोग्य खात्यानं गावोगावच्या कारागिरांना आठ दिवसांचं शिक्षण दिलं. तेरणापुरात वैजयंता त्यांत पहिली. अशा रीतीनं जी गोष्ट डॉक्टरच्या फायलीत असायची ती तिच्या खुर्चीत आली. वॉर्डातली सतरा घरं तिला ठाऊक होती. कोण सराफ, कोण सून, कोण कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारा, कोणाच्या केसांखाली काय. आप्पांनी तिला एक नियम शिकवला होता. कापडाखाली दिसलं ते कापड झटकलं की संपलं.

*

न्हाव्याची सुट्टी सोमवारी. आख्ख्या गावात त्या दिवशी कात्री चालत नाही. वैजयंता सोमवारी धोकटी घेऊन नगरपालिकेच्या बेघर निवाऱ्यात जायची. जुन्या कापूस गोदामात चाळीस पुरुष राहायचे, पूर्वी पुलाखाली राहणारे. त्यांचे केस कापायचे, दाढ्या करायच्या, टिकल्या बदलायच्या. मेहरून सिस्टर तिथली परिचारिका. ती म्हणायची, वैजाताई, तुमच्या सुट्टीला सुट्टी कधी?

सात महिन्यांपूर्वी एका सोमवारी एक म्हातारा खुर्चीत येऊन बसला. रजिस्टरात नाव काशिनाथ, गाव नाही, आडनाव नाही. तिनं जटा ओल्या केल्या, मशीन फिरवलं, आणि टाळूवर दोन भोवरे उघडे पडले. एक उजवीकडं, एक डावीकडं, उलट दिशांनी फिरलेले. दिवाळीच्या पहाटे तिनं लहानपणी या डोक्याला तेल लावलं होतं. तोंडं फसवतात, न्हाव्याला भोवरे फसवत नाहीत. तिचा हात थांबला. म्हाताऱ्यानं डोळे गच्च मिटले होते.

 तिला भिंतीवरचा हार आठवला, सुदामचे जोडलेले हात आठवले, आणि मशीन पुन्हा चालू झालं.

डोईचे दोन भोवरे, ओळख काही लपविना
जिभेवर आलं नाव, ओठ माझा उघडीना

त्यानंतर दर सोमवारी ती त्यांना काका म्हणायची आणि ते तिला बाई म्हणायचे. बोलणं व्हायचं ते ऊन, पाणी, आणि निवाऱ्यातल्या डाळीत डाळ किती यावर. पण ती बघायची. इतर दिवशीही काही ना काही निमित्त काढून डोकावून जायची आणि बघत राहायची. लाट आली की काका अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसायचे. मांडी घालायचे, दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवायचे. कानामागं नारिंगी ठिपका. दात आवळलेले, घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा. बाजूनं जाणाऱ्याला वाटावं, म्हातारा नुसता बसलाय. वैजयंताला मात्र ठाऊक होतं, या घटकेला या गावात एवढं मोठं काम दुसरं कुणी करत नसेल. मल्ल कुस्ती मारतो तेव्हा हजार माणसं टाळ्या वाजवतात. इथं रोज चाळीस मल्ल उतरत होते, कुणी दोनदा, कुणी पाचदा, आणि बघायला कावळासुद्धा नव्हता. ठिपका हिरवा झाला की काका उठायचे, धोतराची माती झटकायचे आणि भांडी घासायला जायचे.

*

मग देवळाणकर सरांच्या नागरिक समितीनं यंत्र बसवून घेतलं.

देवळाणकर सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. वैजयंताला त्यांनीच आठवीपर्यंत शिकवलेलं. समितीत सगळे म्हणायचे की आम्ही काही निर्दयी नाही. दिवाळीला फराळ आम्हीच देतो. पण शेजारी मुलींची शाळा आहे, जागांना भाव आहे, आणि नारिंगी माणूस केव्हा काय करील ते सांगता येत नाही. तेव्हा निवाऱ्याच्या अंगणात खांबावर एक वाचक-यंत्र लागलं. ते सगळ्यांच्या टिकल्यांचा हिशेब ठेवणार. दिवसाच्या वेळी, सगळ्यांसमोर, तीनदा नारिंगी दिसला की त्या माणसाची रवानगी शहरापासून तीस किलोमीटरवर, बंद पडलेल्या खाणीजवळच्या वसाहतीत. कडुनिंबाखालची जागा खांबाच्या आड होती म्हणून तेवढी वाचली; केस कापायची खुर्ची मात्र समितीनं खांबासमोरच ठेवायला लावली. खाणीजवळ टिकली बदलायला कुणी नव्हतं. चार आठवडे झाले की टिकली म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. तिथं गेलेला माणूस महिन्याभरात पुन्हा बाटलीशी जाणार, हे मेहरूनला पाठ होतं. तिनं समितीला परोपरीनं सांगितलं की नारिंगी म्हणजे माणूस प्यालेला नाही, तो न पिण्यासाठी झगडतोय. जो प्यायला त्याची टिकली तर गुमान हिरवी होते. समितीनं लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

पहिल्याच सोमवारी, वैजयंताच्या खुर्चीत बसल्या बसल्या, काकांचा ठिपका नारिंगी झाला. खांब टुणकन वाजला. एक.

वैजयंता घरी जाऊन कपाळ धरून बसली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. दाढी झाली की मानेवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा ही हाताला लागलेली सवय. पिणाऱ्या माणसाच्या नाकाखाली ती दर सोमवारी तो वास धरत होती. तिनं स्वतःला लाख शिव्या दिल्या. पुढच्या सोमवारी बाटली घरीच ठेवली, नुसती तुरटी घेतली. तरी खांब वाजला. दोन.

मेहरूननं तिला आत बोलावून पडद्यावर काकांच्या टिकलीचा आलेख दाखवला. आठवडाभर काकांची रेघ सपाट, मधे मधे लहान उंचवटे. सोमवारी एक डोंगर. “हे बघा,” मेहरून म्हणाली, “तुमची धोकटी उघडली अकरा वाजून दोन मिनिटांनी. डोंगर सुरू झालाय दहा बावन्नला. तेव्हा तुम्ही फाटकाची कडी काढत होता.”

मागच्या आठवड्याचा आलेखही तसाच. त्याच्या आधीचाही. सात महिन्यांचे सगळे सोमवार तिनं एकाखाली एक बघितले. कडीचा आवाज, आणि डोंगर. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. कापडाखाली बसून ते तिच्यासारखेच गप्प राहिले होते.

मेहरूननं बोट पडद्यावर ठेवूनच विचारलं, “कोण लागतात ते तुमचे?”

वैजयंता म्हणाली, गिऱ्हाईक आहेत. मेहरूननं पुढं विचारलं नाही. एवढंच म्हणाली की मग एक महिना येऊ नका, रेघ सपाट राहील, काका इथं राहतील. आणि समितीला सरळ करायचं असेल तर त्यालाही उपाय आहे. अर्धा वॉर्ड तुमच्या वस्तऱ्याखालून जातो, केसांखाली टिकली लपवणारं एक नाव चारचौघांत घ्या, खांब संध्याकाळपर्यंत उखडतील.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वैजयंता चालत घरी गेली तेव्हा दोन्ही तिच्या डोक्यात फिरत होत्या. सोमवारी गेली नाही तर यंत्रासमोर काका जिंकतील. पण दहा बावन्नला कडी वाजणार नाही, अकराला वाजणार नाही, आणि म्हाताऱ्याला वाटेल की या वेळी लेक निघून गेली. त्या लाटेला कुठली टिकली पुरणार?

*

रविवारी दुकान उघडायच्या आधीच देवळाणकर सर आले. नेहमीसारखे मागच्या दारानं. बायको वारल्यापासून त्यांना झोपेच्या गोळ्या लागल्या होत्या. आधी एक, मग मूठभर. दीड वर्षापासून त्यांच्या पांढऱ्या केसांखाली टिकली होती. वैजयंतानं केस वर उचलून जुनी काढली, जागा साफ केली, नवी दाबून बसवली. सर आरशात न बघता म्हणाले की उद्या समिती निवाऱ्यात पाहणीला येणार आहे, एक माणूस दोनवर आलाय म्हणे. नियम सगळ्यांना सारखा हवा, नाही का?

बोलता बोलता तिच्या अंगठ्याखाली नवा ठिपका नारिंगी झाला.

 खुर्चीच्या दांड्यावर सरांची बोटं पांढरी पडली. वैजयंताच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या.  तिनं दुकानाची फळी तशीच लावलेली ठेवली, स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बसते मी, सर. घाई नाही.”

बाहेर गिऱ्हाइकं फळी वाजवत होती. ठिपका हिरवा होईपर्यंत तिनं ती उघडली नाही. जाताना सरांनी तिच्याकडं बघितलं आणि टोपी घालून गेले.

घरी येऊन तिनं भिंतीवरचा फोटो उतरवला. हार काढला, काचेवरचं गंध ओल्या फडक्यानं पुसलं. सुदाम भाकरी खात होता. म्हणाला, दिवाळी तर लांब आहे. ती म्हणाली, “अहो, उद्या अकराला निवाऱ्यात याल का? तुमची दुपारची फेरी साडेबाराची ना?” त्यानं रिकाम्या खिळ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, येतो.

*

सोमवारी तिनं फाटकाची कडी मुद्दाम जोरात वाजवली.

अंगणात समितीची सात-आठ माणसं उभी होती, मधोमध देवळाणकर सर. निवाऱ्यातले पुरुष भिंतीलगतच्या बाकांवर टेकून होते. सुदाम खाकी कपड्यांत कडुनिंबापाशी. काका आधीच खुर्चीत येऊन बसले होते, आणि त्यांचा ठिपका नारिंगी झालेला होता. खांब वाजला.

“तीन,” समितीतलं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या एकानं फोन काढला, गाडी बोलवायला. मेहरून मधे येऊन उभी राहिली. म्हणाली की गाडी आली तर आधी मला उचला. तिच्या आवाजाला धार होती.

वैजयंतानं धोकटी खाली ठेवली आणि सरांकडं गेली. सरांचा चेहरा कागदासारखा झाला. आता ती काय बोलणार ते त्यांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं.

“सर, वीस मिनिटं द्या,” ती म्हणाली. “तेवढीच मागते. ठिपका उतरला नाही तर न्या त्यांना.”

फोनवाला म्हणाला, वीस मिनिटांत काय होणार आहे? नियम म्हणजे नियम.

सरांनी एकदा खांबाकडं बघितलं. मग वर्गात बोलायचे तशा सावकाश आवाजात म्हणाले, “वीससुद्धा नाही. पहिली अकरा अवघड असतात. अकरावं गेलं, की माणूस वाचतो.”

 हे कुठल्या पत्रकात छापलेलं नव्हतं. फोनवाल्यानं सरांकडं बघितलं, मग त्यांच्या टोपीकडं बघितलं, आणि फोन हळूच खिशात घातला. सर भिंतीपाशी गेले आणि निवाऱ्यातल्या माणसांच्या रांगेत, दोघांच्या मधे जागा करून, बाकावर बसले. म्हणाले, “मोजायचाच असेल तर उतरलेला ठिपका मोजू. चढलेला नको. मी तसं लिहून देतो.”

वैजयंता खुर्चीमागं आली. कापड झटकून काकांच्या गळ्याभोवती बांधलं. मान लाकडासारखी ताठ होती, शिरा तटतटल्या होत्या. डोळे गच्च. तिनं ब्रशनं फेस केला, गालांवर लावला. म्हाताऱ्याच्या ओठांची काहीतरी हालचाल होत होती. वाकून ऐकलं तर ते मिनिटं मोजत होते. चार. पुन्हा चार. पाचवर जायला धजत नव्हते.

तिनं मान वर करून कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या नवऱ्याकडं पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, आणि आवाज फुटू नये म्हणून एकदा थांबली. “फोटोतले ते हेच. वारले नव्हते. आम्ही खोटं सांगितलं.”

 सुदामनं डोक्यावरची खाकी टोपी काढली आणि रोज दारातून बाहेर पडताना जोडायचा तसे हात जोडले. या वेळी हार घातलेल्या काचेला नाही.

वैजयंतानं डाव्या हाताचा पंजा त्या दोन भोवऱ्यांवरून खाली नेला आणि डोक्यामागं लावला.

“मान सैल सोडा, आप्पा,” ती म्हणाली. “म्या धरलीया.”